मांगाचा खलनायक ॲनिमेत का बदलतो? पानं आणि मिनिटं मोजून शोधायची पद्धत

‘मांगात काय भारी होता, ॲनिमेत वाट लावली’ हे वाक्य मांगावरून (जपानी कॉमिक) ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) झालेल्या प्रत्येक सिरीजबद्दल कुणीतरी म्हणतंच. वाट नेमकी कुठे लागली, हे मात्र सहसा कुणी दाखवत नाही. दाखवता येतं. वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, मांगाचा एक खंड आणि त्यावरचे दोन-तीन एपिसोड एवढ्यावर काम भागतं. क्रम मात्र पाळा: आधी वेग मोजा, मग खलनायकाकडे वळा. खलनायक बदलला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा त्याच्या संवादांना कुणी हातही लावलेला नसतो. त्याच्या आधीची पानं कापलेली असतात, नाहीतर ताणलेली.

(पुढे फुलमेटल अल्केमिस्ट, प्रॉमिस्ड नेव्हरलँड, हंटर हंटर आणि ड्रॅगन बॉलमधली गुपितं फुटणार आहेत. पाहायचं बाकी असेल तर आधी ते उरका.)

एपिसोडमधली खरी मिनिटं काढा

एपिसोड साधारण २४ मिनिटांचा म्हणायचा. त्यातली दीड मिनिट ओपनिंग, दीड मिनिट एंडिंग, शिवाय मागच्या भागाची उजळणी, मधली आयकॅचची (जाहिरातीच्या आधी-नंतर झळकणारी) पाटी आणि शेवटी पुढच्या भागाची झलक. गोष्टीच्या वाट्याला २० ते २१ मिनिटं उरतात. वर्षानुवर्षं दर आठवड्याला चाललेल्या मालिकांमध्ये उजळणीच दोन-तीन मिनिटं खाते, त्यामुळे अंदाज न बांधता स्टॉपवॉच लावा. जुनी दृश्यं पुन्हा दाखवली की घड्याळ थांबवायचं.

आता पानं मोजा. लोक ‘एका एपिसोडमध्ये किती चॅप्टर’ असं मोजतात आणि तिथेच फसतात, कारण चॅप्टर हे माप सगळीकडे सारखं नसतं. शोनेन जंपसारख्या साप्ताहिकातला चॅप्टर १९ पानांच्या आसपास असतो, तर मासिकातला सहज ४० पानांच्या पुढे जातो. म्हणून मिनिटाला किती पानं, हे माप धरा. साप्ताहिक मांगाचे दोन ते तीन चॅप्टर एका एपिसोडमध्ये बसवले, तर मिनिटाला साधारण दोन ते पावणेतीन पानं पडतात. ही नेहमीची चाल.

मिनिटाला एका पानाच्या खाली आलात तर गोष्ट ताणली जातेय. चारच्या वर गेलात तर काहीतरी गळलंय, ते शोधा. सातच्या पुढे जे दिसतं तो निव्वळ गोषवारा असतो. टोकियो घूल:रे ही मांगा १७९ चॅप्टरची आणि तिचं ॲनिमे २४ एपिसोडचं, म्हणजे एपिसोडला सरासरी साडेसात चॅप्टर. अशा ठिकाणी कुठल्या खलनायकाचं काय बिघडलं हे विचारण्यात अर्थ नाही, कुणालाच उभं राहायला जागा मिळालेली नाही.

मात्र सरासरीवर थांबू नका. हंटर हंटरचा चिमेरा अँट आर्क (आर्क म्हणजे मोठ्या गोष्टीतलं एक सलग कथानक) १८६ ते ३१८ म्हणजे १३३ चॅप्टरचा, आणि २०११ च्या ॲनिमेत तो ७६ ते १३६ म्हणजे ६१ एपिसोडमध्ये येतो. एपिसोडला २.२ चॅप्टर, अगदी सरळ आकडा. प्रत्यक्षात राजवाड्यावरचा हल्ला सुरू झाला की निवेदक सेकंद मोजत बसतो आणि काही क्षणांच्या घडामोडींना अख्खे एपिसोड लागतात. म्हणून प्रत्येक एपिसोडचा आकडा वेगळा लिहा आणि जिथे तो एकदम उडी मारतो किंवा कोसळतो, तिथे खूण करा. पुढचं काम त्या खुणांवरच करायचं आहे.

पान उलटण्याची जागा

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे माहीत असेलच. त्यामुळे डाव्या पानाची शेवटची चौकट वाचून झाली की आपण पान उलटतो आणि नव्या जोडपानाचं उजवं पान समोर येतं. मुरलेले लेखक डावीकडच्या शेवटच्या चौकटीत ओढ लावतात, त्याला जपानीत हिकी म्हणतात. धक्का पान उलटल्यावर देतात. खलनायकाचं पहिलं दर्शन बहुतेक वेळा अशाच उजव्या पानावर असतं.

ॲनिमेत पान नसतं. दिग्दर्शकाला तोच परिणाम कट, शांतता, संगीत नाहीतर जाहिरातीच्या आधीचा थांबा वापरून साधावा लागतो. वहीत दोन रकाने आखा. एकात मांगातला पान उलटल्यावरचा धक्का लिहा, दुसऱ्यात त्याच्या जागी ॲनिमेत काय आलं ते. रकाना रिकामा राहिला तर खलनायक ‘फिका’ का वाटला, याचं उत्तर तिथेच मिळतं.

इथे एक हमखास चूक होते. मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचलं की हिकी दिसतच नाही, कारण प्रत्येकच पान उलटावं लागतं. टॅबलेट आडवा धरा आणि दोन पानं शेजारी दिसतील अशी सेटिंग लावा. जोडपानावर पसरलेलं मोठं चित्र मधोमध तुटून दोन स्क्रीनवर गेलं, तर मोजणी एका पानाने सरकलेली आहे. ॲपमध्ये मुखपृष्ठ वेगळं धरायचा पर्याय असेल तर तो चालू करा, सगळं जागेवर येतं. छापील खंड हाती असेल तर ही कटकटच नाही.

खलनायकाचा तक्ता

प्रत्येक खलनायकासाठी चारच गोष्टी टिपायच्या. तो पहिल्यांदा केव्हा दिसतो, त्याचा पहिला घाव केव्हा बसतो, त्याचा हेतू आपल्याला केव्हा कळतो आणि तो मरतो किंवा हरतो केव्हा. चॅप्टर क्रमांकाऐवजी एकूण लांबीची टक्केवारी लिहा. दोन वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या ताडून पाहायच्या तर दुसरा इलाज नाही.

या सरावासाठी फुलमेटल अल्केमिस्टइतकं सोयीचं उदाहरण नाही. दोन अल्केमिस्ट भावांची एकच मांगा, २७ खंडांची, आणि तिच्यावर दोन ॲनिमे: २००३ चं ५१ एपिसोडचं, २००९ चं ब्रदरहूड ६४ एपिसोडचं. दोन्ही बोन्स स्टुडिओचीच.

ह्यूज या भावांच्या लष्करी मित्राचा खून घ्या. मांगात तो चौथ्या खंडात होतो, म्हणजे २७ पैकी ४, सुमारे १५ टक्क्यांवर. ब्रदरहूडमध्ये दहाव्या एपिसोडला, म्हणजे १६ टक्क्यांच्या जवळपास. २००३ च्या आवृत्तीत तो २५ व्या एपिसोडला आहे. तिथे जवळजवळ अर्धी मालिका संपलेली असते! फोन बूथ तोच, ह्यूजच्या बायकोचं रूप घेऊन गोळी झाडणारा खलनायक एन्व्ही तोच. फरक एवढाच की २००३ चा प्रेक्षक ह्यूजच्या लेकीचे फोटो कितीतरी एपिसोड पाहत आलाय. एन्व्ही तिथे जास्त क्रूर वाटतो तो या साठलेल्या मिनिटांमुळे.

‘ब्रदरहूडची सुरुवात फार घाईची’ ही तक्रारही अशीच तपासून पाहा. ६४ एपिसोडमध्ये २७ खंड म्हणजे एपिसोडला ०.४२ खंड. पहिल्या दहा एपिसोडमध्ये चार खंड म्हणजे ०.४०. पहिला एपिसोड मांगात नसलेल्या गोष्टीचा आहे, तो वजा केला तरी ०.४४. पुढच्या खंडांतल्या काही आठवणी अलीकडे ओढल्या आहेत आणि यूसवेलच्या खाणीची गोष्ट गाळली आहे, त्यामुळे हिशेब ढोबळच समजा, पण आकडा मालिकेच्या एरवीच्या चालीपासून फार हलत नाही. घाई वाटते ती आधी २००३ चं ॲनिमे पाहिलेल्यांना. नीना आणि तिच्या बापाची गोष्ट त्यात दोन एपिसोडभर, भावांच्या परीक्षेच्या तयारीसकट चालते. ब्रदरहूडमध्ये ती चौथ्या एपिसोडमध्येच आटोपते, आणि मांगातही ती एका चॅप्टरचीच आहे.

आता खलनायक. २००३ मध्ये ॲनिमे सुरू झालं तेव्हा मांगा चालूच होती, ती संपली २०१० मध्ये. त्यामुळे ॲनिमेला शेवट स्वतःच घडवावा लागला, आणि खलनायकही. मांगातला सूत्रधार ‘फादर’. देशाच्या नकाशावर पसरलेलं त्याचं वर्तुळ खंडामागून खंड उलगडत जातं. एवढा लांब पल्ला ५१ एपिसोडमध्ये, तोही पुढची मांगा हातात नसताना, बसणारच नव्हता. त्याच्या जागी आली दान्ते: शरीरं बदलत शतकानुशतकं जगलेली, भावांच्या बापाची जुनी प्रेयसी. नकाशावरचं कारस्थान घरगुती वैरात उतरलं. होमुंक्युलस म्हणजे किमयेने घडलेली कृत्रिम माणसं, एन्व्ही त्यांतलाच; त्यांचं मूळही त्याच मापाने बदललं. मांगात ते फादरमधून निघालेले. २००३ मध्ये मात्र मेलेल्या माणसाला परत आणायच्या फसलेल्या प्रयत्नातून जन्मलेले, त्यामुळे ‘स्लॉथ’ला भावांच्या आईचा चेहरा मिळाला. मांगातली स्लॉथ ही बोगदा खणणारी अवाढव्य, आळशी असामी आहे. माझं मत विचाराल तर ही एक अदलाबदल मांगापेक्षा जास्त बोचते.

म्हणूनच तक्ता करताना नाव जुळवू नका, काम जुळवा. किंग ब्रॅडली मांगात ‘रॅथ’ आहे, २००३ मध्ये ‘प्राइड’. मांगातला प्राइड म्हणजे त्याचा मुलगा सेलिम. २००३ मध्ये तोच सेलिम साधा माणसाचा पोर आहे आणि बापाच्या हातून मरतो. ‘प्राइड दोन्हीकडे कसा आहे’ असा रकाना आखलात तर बाप आणि लेकाची तुलना करत बसाल. लस्ट या होमुंक्युलसचंही तसंच. मांगात लष्करी अधिकारी मस्टँग तिला दहाव्या खंडात जाळून संपवतो. २००३ मध्ये ती शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकते आणि माणूस व्हायची इच्छा धरते. तेवढे एपिसोड मिळाल्यावर खलनायिकेचं असं काहीतरी होणारच.

कापल्यावर आणि ताणल्यावर

कापण्याचं ठसठशीत उदाहरण प्रॉमिस्ड नेव्हरलँड, म्हणजे अनाथाश्रमातून पळणाऱ्या मुलांची गोष्ट. पहिल्या सीझनमध्ये १२ एपिसोड आणि ३७ चॅप्टर, म्हणजे एपिसोडला तीन. दुसऱ्यात ११ एपिसोड, आणि १८१ व्या चॅप्टरपर्यंतचे उरलेले १४४. भागाकार केला की १३ येतात. यात गोल्डी पाँडचा आख्खा आर्क गेला आणि त्याच्याबरोबर ल्यूविस हा शिकारी राक्षसही. पण पहिल्या, चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या सीझनमध्येही एक कात्री चालली आहे: मुलांच्या मनातले विचार. मांगात विचारांचे फुगे पानोपानी आहेत, ॲनिमेत ते जवळपास काढून टाकले. त्यामुळे त्यांना सांभाळणारी खलनायिका इसाबेला जास्त गूढ वाटते, आणि मुलं मात्र मांगातल्याइतकी हुशार वाटत नाहीत. फुगे वेगळ्या रंगाच्या पेनने मोजा, फरक लगेच दिसेल.

कधी कधी कापलेला तुकडा खलनायकाचा नसतोच. हंटर हंटरच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये काइट हा हंटर नायक गॉनला वाचवतो. २०११ च्या ॲनिमेने तो प्रसंग सुरुवातीला गाळला आणि चिमेरा अँटच्या तोंडाशी आठवण म्हणून दाखवला. चिमेरा अँटमधली पिटौ काइटला मारते तेव्हा मांगाचा वाचक शंभराहून जास्त चॅप्टर त्याला ओळखत असतो, ॲनिमेचा प्रेक्षक जेमतेम काही एपिसोड. पिटौच्या रकान्यात काहीच बदललेलं नाही, तरी तिचा घाव हलका पडतो. म्हणून तक्त्यात ज्याच्यावर घाव बसतो त्याचीही पहिली भेट नोंदवा.

ताणलेलं पाहायचं तर वन पीसचा ड्रेसरोसा: ७०० ते ८०१ हे १०२ चॅप्टर, ६२९ ते ७४६ हे ११८ एपिसोड. एका एपिसोडला पुरता एक चॅप्टरही नाही, कारण ॲनिमे मांगाच्या पाठीला टेकलं होतं आणि दर आठवड्याची वेळ चुकवायची नव्हती. मग धावणारे धावत राहतात, बघणाऱ्यांचे डोळे तीन-तीनदा विस्फारतात (आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांमध्ये सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटतो, तसंच), आणि डोफ्लामिंगोसारखा घातकी माणूस नुसता वाट पाहत उभा असल्यासारखा दिसतो.

ताणणं दर वेळी वाईटच असतं असं नाही. डेमन स्लेअरच्या हाशिरा ट्रेनिंगमध्ये डझनभर चॅप्टरना ८ एपिसोड दिले. त्यातलं बरंचसं भरीचं आहे, पण खलनायक मुझान उबुयाशिकी या शत्रूच्या वाड्याकडे चालत जातो तो लांबवलेला प्रसंग नीट पाहा. तो काही करत नाही, नुसता चालतो, आणि वेळ त्याच्या बाजूने काम करतो.

फ्रीझाची पाच मिनिटं

शेवटचा सराव ड्रॅगन बॉल झीवर करा, कारण त्याची आखूड केलेली आवृत्ती आयती मिळते. सेल गेम्स या टप्प्यापर्यंत झीचे १९४ एपिसोड आहेत, २००९ च्या काई या आखूड आवृत्तीत तेवढीच गोष्ट ९८ मध्ये. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल, असं खलनायक फ्रीझा म्हणतो त्या क्षणी दोन्हीकडे स्टॉपवॉच सुरू करा. झीमध्ये ग्रह फुटेपर्यंत दहा-एक एपिसोड जातात. कुठली मिनिटं काईने फेकली ते उतरवा: किती टक लावून पाहण्याची, किती दुसरीकडच्या पात्रांची, किती फ्रीझाच्या बोलण्याची.

हे जपानी आवाजातच करा. फ्रीझा सुरुवातीला अतिशय सभ्य, आदरार्थी भाषेत लोकांना मारायचे हुकूम सोडतो. इंग्रजी सबटायटलमध्ये ते सगळं एकाच ‘यू’मध्ये बुडतं. मराठी माणसाला ‘आपण आता मरावं’ आणि ‘मर आता’ यातला फरक समजावावा लागत नाही. फ्रीझाची ती सभ्यता कुठल्या मिनिटाला सुटते, त्यासाठी तक्त्यात पाचवा रकाना वाढवा.