शाळेत जोडीला कोणी नसेल तेव्हा: नव्या शिक्षणसेवकांसाठी

पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, निवड होऊन सोलापूर जिल्ह्यात रुजू होणाऱ्यांना मानधनाची आणि गावाची काळजी असते. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं महिन्याला 16,000 रुपये, त्यात खोलीचं भाडं आणि पेट्रोल, ओढाताण होतेच. पण मी नवे शिक्षक खचताना पाहिले ते वेगळ्याच कारणाने. वर्गात काही छान घडलं, तर ते ऐकायला शाळेत कोणी नसतं.

माझी शाळा अक्कलकोट तालुक्यात, द्विशिक्षकी. मधल्या सुट्टीत विषय ठरलेले: महागाई भत्ता, बदल्यांच्या याद्या, 'माहिती आजच्या आज पाठवा'चे मेसेज. म्हणून सहकाऱ्याला लगेच आळशी ठरवू नका. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), बीएलओचं (मतदारयादीचं) काम करून माणूस थकलेला असतो. सगळ्या बाबतीत मन जुळेल असा सोबती शोधत बसलात तर निराश व्हाल. एका प्रश्नापुरता सोबती मात्र बहुतेक ठिकाणी मिळतो.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड. ती 'तो पुस्तक', 'माझी दप्तर' म्हणतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत मात्र फळा तो, पाटी ती, पुस्तक ते. लेकराचं दुर्लक्ष नसतं, त्याच्यापुढे एक नवीच विभागणी उभी असते. लाल पेनाने खुणा करण्यापेक्षा वर्गात तीन टोपल्या ठेवाव्यात, तो-ती-तेच्या, आणि मुलांनी वस्तू हाताळत बोलावं, असं मला वाटलं. माझ्या सहकारी गुरुजींना असल्या प्रयोगांत बिलकूल रस नाही. पण त्यांची घरची भाषा कन्नड. मी प्रयोगाचं नाव काढलं नाही, फक्त विचारलं, "गुरुजी, याला तुमच्यात काय म्हणतात?" ते खुर्ची ओढून बसले. दुसऱ्या दिवशी घरातल्या, शेतातल्या वस्तूंची यादी त्यांनी स्वतःच लिहून आणली. गृहपाठ आणि पाठांतर यांवर आमचं आजही पटत नाही. या एका कामात मात्र त्यांच्याइतका भक्कम सोबती मला दुसरा नाही.

दुसरी जागा म्हणजे प्रवास. अपडाऊन करणारे शिक्षक एसटीत रोज भेटतात. दुसऱ्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) एका बाईंशी माझा करार आहे: कुंभारीपर्यंत तक्रारी, तिथून वळसंगपर्यंत वर्गातला एकच प्रश्न. तक्रारी बंद करायला सांगितलं असतं तर त्या बोलल्याच नसत्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेलाही रिकाम्या हाताने जाऊ नका. मुलांची एखादी वही न्या. मुख्य सत्रात कोणी पाहणार नाही, चहाच्या वेळी कोणीतरी नक्की पान उलटतं.

एक वही स्वतःसाठी ठेवा. तारीख टाकून मुलाचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. जूनमधलं आणि दिवाळीनंतरचं शेजारी ठेवलं की आपण काय केलं ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरच्या कौतुकावर विसंबू नका; ते नेमकं वाईट दिवशी येत नाही.

याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले 2009 पासून शिकवत होते. पाठ्यपुस्तकांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं 2020 मध्ये. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. नव्यांनी त्या पुरस्कारापेक्षा आधीची सगळी वर्षं पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

"नवीन आहे, दोन वर्षांत थंड होईल" हे तुमच्याही कानावर येईल. वाद घालू नका. आपल्या वाट्याचं कागदी काम वेळेत, नीट पूर्ण करून द्या. आमच्याकडे पोषण आहाराचं रजिस्टर मी मागे लागायला न लावता लिहू लागलो, तेव्हापासून टोपल्यांवरची टीका थांबली.