काफ्का वाचताना क्लेमची फाइल उघडा

अपघाताचे क्लेम तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून काफ्काच्या 'मेटॅमॉर्फोसिस' या कथेतला ग्रेगोर साम्सा सकाळी किडा होऊन उठला रे उठला की लोक "हा किडा कशाचं प्रतीक?" असं सुरू करतात, तेव्हा मला राहवत नाही. अहो, आधी माणसाला दुखतंय कुठे ते तरी बघा! काफ्का स्वतः १९०८पासून प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता, म्हणजे आमच्याच लायनीतला.

तर पेन्सिल घ्या. पहिल्या वाचनात फक्त शरीराखाली रेघा मारा. टणक पाठ, पोटावरचे खाजरे पांढरे ठिपके, कुशीत पूर्वी कधी न जाणवलेली बारीक कळ. दाराची किल्ली तो जबड्याने फिरवतो आणि तोंडातून तपकिरी पाणी गळतं. पुढे वडिलांनी फेकून मारलेलं सफरचंद पाठीत रुतून बसतं. ते काढायला कुणी धजत नाही, आणि ती जखम त्याला महिन्याहून जास्त छळते.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक रेघेपुढे साक्षीदार लिहा: कुणी पाहिलं, काय केलं? ग्रेगोर नोकरी करतो त्या पेढीवरून आलेला साहेब दाराबाहेरून म्हणतो, हा जनावराचा आवाज. ग्रेगोरला मात्र घरातला शब्द न् शब्द कळतो, आणि त्याला कळत असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. परकेपणा शोधायचा तो इथे. बहीण आधी त्याला काय आवडेल म्हणून शिळी भाजी, हाडं, चीज मांडून बघते. नंतर नंतर हाताला येईल ते पायाने आत सरकवते.

तिसरा रकाना पैशाचा, आणि माझ्या मते खरी गोष्ट याच रकान्यात आहे. पाच वर्षांत आजारपणाची एक रजा नाही, तरी ग्रेगोरला धास्ती कशाची? मालक विम्याच्या डॉक्टरला घेऊन येईल याची. त्या डॉक्टरच्या लेखी जगात सगळेच धडधाकट, फक्त कामचुकार. (असे डॉक्टर मी पाहिलेत, जाऊ दे.) आईवडिलांचं कर्ज ग्रेगोर फेडत होता. त्याचा पगार थांबल्यावर खुर्चीतून न उठणारे वडील सोनेरी बटणांचा गणवेश घालून बँकेत कामाला लागतात. सफरचंद मारतात ते याच गणवेशात. मुलगा खचतो तसतसा बाप ताठ होत जातो. दोघांच्या नोंदी समासात शेजारी-शेजारी करा, आपोआप दिसेल.

एक पथ्य पाळा. काफ्काला क्षय झाला म्हणून त्याने हे लिहिलं, असं कुणी म्हटलं तर तारखा पुढे करा. कथा १९१२ची, क्षयाचं निदान १९१७चं.

हात बसला की 'उपोषण-कलाकार' घ्या, १९२२ची कथा. यात माणूस पिंजऱ्यात बसून उपाशी राहतो आणि लोक बघायला येतात. ती लहान आहे, पण तेच तीन रकाने चालतात. त्याचा उपास चाळीस दिवसांवर संपवला जातो, तो तब्येतीच्या काळजीपोटी नाही. त्यापुढे गर्दी आटते, असा व्यवस्थापकाचा अनुभव.

चार जण मिळून वाचणार असाल तर पहिला अर्धा तास 'प्रतीक' शब्दाला बंदी घाला. जो म्हणेल त्याच्याकडून चहा.