पुणे विमानतळ ते सातारा: एसटीनं येताना या चुका टाळा

साताऱ्यात हल्ली परिषदा वाढल्यात. डॉक्टरांच्या, सहकारी बँकांच्या, प्राध्यापकांच्या. बाहेरगावचे पाहुणे विमानानं पुण्यात उतरतात आणि पहिला फोन येतो, "गाडी पाठवलीय ना?" सगळ्यांना गाडी पाठवणं जमत नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नसते. स्वागत समितीत फोन घ्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. त्या फोनांवरून एक गोष्ट पक्की कळलीय: चालत्या गाडीत कुणी हरवत नाही. घोळ होतो तो खाली उतरल्यावर, पुढचं वाहन धरताना.

स्टँड कुठलं, हे न ठरवताच निघणं

पुण्यात एसटीची तीन मोठी स्थानकं आहेत: स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर या बाजूला यायचं तर स्वारगेट. रिक्षावाल्याला नुसतं "एसटी स्टँड" म्हणालात तर तो जवळचं पाहील, तुमची गाडी नाही. शिवाजीनगरचं स्थानक तर मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलं, तेव्हा तिथं जाऊन चौकशी करू हा विचारच सोडा.

नगर रस्त्यावर टॅक्सीत बसून राहणं

लोहगावचं विमानतळ ते स्वारगेट अंतर फार नाही, पण संध्याकाळी नगर रस्ता आणि येरवडा पार करताना मीटर आणि रक्तदाब दोन्ही चढतात. त्यापेक्षा रिक्षानं रामवाडी मेट्रो स्टेशन गाठा. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस भुयारी मार्गानं स्वारगेटला पोचली. रामवाडीहून वनाझकडे जाणारी गाडी धरायची, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं (पुणेकर त्याला सिव्हिल कोर्टच म्हणतात) आणि तिथून स्वारगेटची दुसरी गाडी.

इथं दोन ठिकाणी माणसं चुकतात. एक म्हणजे वाटेत "पुणे रेल्वे स्टेशन" ऐकून उठतात. तिथं उतरायचं ते रेल्वेनं जाणाऱ्यांनी. दुसरं, जिल्हा न्यायालयला पहिली गाडी वर उन्नत मार्गावर थांबते आणि दुसरी जमिनीखाली बरीच खोल. सरकत्या जिन्यांचे टप्पे संपता संपत नाहीत. मोठी बॅग असेल तर लिफ्ट शोधा आणि या बदलासाठी दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. मेट्रो रात्रभर नसते, त्यामुळे रात्री उशिरा विमान उतरणार असेल तर टॅक्सीला पर्याय नाही. टॅक्सी दारात सापडत नाही म्हणून गोंधळू नका, ॲपवरच्या टॅक्सी शेजारच्या एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीतून मिळतात.

पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, विमानतळ बसही आहेत. स्वारगेटची समोर लागलेली असेल तर बसा, पण तिची वाट पाहत उभं राहण्यात अर्थ नाही.

स्वारगेटला जी गाडी दिसेल तिच्यात चढणं

सगळ्यात जास्त फोन इथून येतात, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

सातारा-स्वारगेट मार्गावर विनाथांबा, विनावाहक गाड्या धावतात. नावाप्रमाणे त्यांत कंडक्टर नसतो. तिकीट खालीच, फलाटाजवळ काढायचं आणि मग आत बसायचं. पाहुणे करतात उलटं: खिडकीची सीट पकडतात, बॅग वर टाकतात, आणि गाडी सुटताना "तिकीट?" म्हटलं की पुन्हा सगळं खाली उतरवतात. तोवर मागचे वीसजण तिकीट घेऊन आत आलेले असतात. आणि गाडी विनाथांबा आहे, हेही लक्षात ठेवा. शिरवळला मित्राला भेटून पुढं येऊ, असले बेत या गाडीत चालत नाहीत.

दुसरी चूक महाबळेश्वरच्या गाडीची. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात आहे, म्हणजे गाडी साताऱ्यावरूनच जात असणार, असा हिशेब लोक करतात. ती गाडी सुरूर फाट्याला महामार्ग सोडते आणि वाई, पाचगणीकडे वळते. एकदा एक सर वाईत उतरून मला विचारत होते, "हॉटेल घाटाच्या कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "सर, तिथंच थांबा, मिसळ खा, साताऱ्याची गाडी लागली की बसा."

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा गंभीर आहे. "तुमची गाडी इथं नाही, तिकडे लागलीय, चला दाखवतो," असं म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटे याच स्थानकात फलटणला निघालेल्या तरुणीला अशीच थाप मारून उभ्या गाडीकडे नेलं गेलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. गाडी कुठं लागणार ते नियंत्रण कक्षाच्या खिडकीवरच विचारा. ती लागेपर्यंत उजेडात, माणसांत थांबा.

आरक्षण करत असाल तर तारखेकडे नीट बघा. रात्री साडेबाराची गाडी म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख. आणि विमान उतरायच्या वेळेला चिकटून आरक्षण करू नका. बॅग पट्ट्यावर यायला वेळ लागतो, मेट्रो बदलायला लागतो, आणि एसटी कुणासाठी थांबत नाही. तिकिटाचे जुने दरही डोक्यातून काढा, जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्के वाढ झालीय. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. फक्त वयाचा पुरावा बॅगेच्या तळाशी घालून ठेवू नका.

"सातारा आलं" म्हणताच उतरणं

स्वारगेटहून निघाल्यावर अडीच-तीन तास धरा. शनिवारी सकाळी किंवा जोडून सुट्टी आली की खंबाटकी घाट किती वेळ खाईल ते सांगता येत नाही. जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे, पुण्याहून येणाऱ्यांसाठी नाही. सकाळी दहाला उद्घाटन असेल तर आदल्या रात्री या.

खरी गंमत साताऱ्यात शिरताना होते. सातारा गाडी असेल तर प्रश्न नाही, ती स्टँडलाच येते. पण सांगली, कोल्हापूरकडे जाणारी गाडी धरली असेल तर बसतानाच कंडक्टरला विचारा, "गाडी स्टँडला जाणार का बायपासनं?" बायपासनं जाणारी गाडी बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्गावर सोडते. खासगी आरामगाड्या तर बहुधा तिथंच सोडतात, तेही रात्री दोन-अडीचला. ते चौकाचं नाव आहे हे माहीत नसल्यानं, "मी रेस्टॉरंटपाशी उभा आहे, आत येऊन बसू का?" असे फोन येतात. रात्री उशिरा येणार असाल तर सरळ सातारा स्टँडची गाडी घ्या.

स्टँडवरून पोवई नाका, म्हणजे शहरातला मोठा चौक, जवळ आहे, हलकी बॅग असेल तर चालतही जाल. राजवाड्याकडचं हॉटेल असेल तर मात्र रिक्षा करा. ती मीटरवर चालेल या भरवशावर बसू नका, भाडं आधी ठरवा. आणि हॉटेलच्या नावाबरोबर "पोवई नाक्याजवळ", "राजवाड्याजवळ" अशी खूण विचारून ठेवा, नुसत्या नावावर रिक्षावाला डोकं खाजवत बसतो.

रेल्वेचा मोह

पुणे-सातारा रेल्वे जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असा वळसा घालून येते. प्रवास छान आहे, पण सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे. अवेळी उतरलात तर रिक्षा मिळायची मारामार. सांगलीला जायचं असेल तर रेल्वे जरूर बघा, पण तिथला घोळ वेगळा: सांगली आणि मिरज ही दोन निराळी स्टेशनं आहेत, आणि हॉटेल विश्रामबागेत असलं तर ते या दोहोंच्या मधे पडतं. हॉटेलवाल्यालाच विचारा कुठं उतरू. आणि सांगलीकरांसाठी कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, तुमच्या गावाहून तिथलं विमान असेल तर पुण्याचं नावच काढू नका.

परिषद रविवारी संपते आणि त्या संध्याकाळी सगळा सातारा जिल्हा पुण्याला नोकरीवर निघालेला असतो. विनावाहक गाडीची रांग स्टँडवर लांबच लांब लागते, पुढं कात्रज आणि नवले पुलापाशीही गाड्या तुंबतात. रात्रीचं विमान असेल तर समारोपाच्या भाषणांना थांबू नका, दुपारचं जेवण झालं की निघा. अध्यक्षांना काय सांगायचं ते आम्ही बघतो.