वेब फॉर्ममधून मोबाइलचे फोटो घेताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या तक्रारींसाठी मी एक साधा वेब फॉर्म तयार केला होता: नाव, सदनिका क्रमांक, तक्रार आणि गळतीचे फोटो. माझ्या लॅपटॉपवर तो बिनचूक चालला. रहिवाशांनी मात्र पहिल्याच दिवशी कळवले की, सगळे रकाने भरूनही फॉर्म ‘नाव आवश्यक आहे’ असेच सांगतो. नावाच्या रकान्याचा कोड तपासण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. दोष फोटोंच्या आकारात होता.

पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर फॉर्म हाताळणाऱ्या भाषेच्या, मूळ सेटिंगनुसार एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण पोस्टला (फॉर्ममधून एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीला) ८ एमबी अशी मर्यादा असते. पहिली ओलांडली तर फक्त ती फाइल नाकारली जाते; दुसरी ओलांडली तर फॉर्ममधील बाकीची माहितीही कोडपर्यंत रिकामीच पोहोचते, आणि आपली तपासणी नाव न भरल्याचा ठपका बिचाऱ्या वापरकर्त्यावर ठेवते. बारा मेगापिक्सेलचा फोटो सहज ३ ते ५ एमबी भरतो. असे तीन जोडले की काम बिघडलेच. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर असेल तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते, आणि ती ओलांडल्यास ४१३ ही त्रुटी येऊन विनंती पीएचपीपर्यंत जातच नाही.

मर्यादा वाढवणे आवश्यक असले तरी तेवढ्यावर थांबणे मला आळशीपणाचे वाटते, कारण जिन्यात उभे राहून मोबाइल डेटावर १२ एमबी पाठवणाऱ्याचा वेळ त्याने वाचत नाही. फोटो ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (पानातील चित्र रेखाटण्याच्या जागेवर) पुन्हा रेखाटून त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलपर्यंत आणावी आणि जेपीईजी स्वरूपात पाठवावा. तो बहुधा काहीशे केबीत बसतो. यात फोटोसोबतची एक्झिफ माहिती, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या वेळ, स्थान अशा नोंदी, गळून पडते. घराचे जीपीएस स्थान त्यात असू शकत असल्याने तक्रारीच्या फॉर्मसाठी हे चांगलेच, मात्र फोटो काढल्याची वेळ हवी असेल तर ती आधीच वाचून ठेवावी.

फोटो आडवे पडण्याचे कारणही एक्झिफच आहे. फोन पुष्कळदा चित्र आहे तसे साठवून ते कसे फिरवायचे एवढीच नोंद करतो. क्रोमसारखे ब्राउझर २०२० पासून ही नोंद आपोआप पाळतात, परंतु पीएचपीमधील जीडी हे चित्रे लहान-मोठी करणारे साधन ती पाळत नाही. म्हणून मूळ फोटो सरळ आणि त्याची लघुप्रतिमा आडवी, असा प्रकार दिसतो.

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटोंसाठी जेपीईजीऐवजी एचईआयसी हे स्वरूप वापरतात. सफारी अपलोडच्या वेळी बरेचदा जेपीईजी करून देते, पण ‘फाइल्स’मधून निवडलेला फोटो एचईआयसीच येऊ शकतो आणि क्रोम तो दाखवत नाही. अशा वेळी सर्व्हरवर रूपांतर करावे, किंवा निदान स्पष्ट संदेश द्यावा.

फाइलच्या रकान्याला ‘कॅप्चर’ हा गुणधर्म देण्याचा मोह आवरावा. अँड्रॉइडवर त्यामुळे थेट कॅमेरा उघडतो आणि गॅलरीचा पर्यायच नाहीसा होतो. कालच्या पावसातल्या गळतीचा फोटो आज कॅमेऱ्याने कसा काढणार?

दुरुस्त केलेला फॉर्म मी आमच्या वॉचमनच्या जुन्या फोनवर तपासला. कॅमेऱ्यातून परत येताच पान नव्याने उघडले आणि लिहिलेली तक्रार पुसली गेली होती, कारण मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे राहिलेला ब्राउझर बंद करतो. आता फोटोचा रकाना सर्वांत वर आहे आणि मजकूर टाइप होताच लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या फोनवरील साठ्यात) साठवला जातो.