मैदानाच्या बातमीतून कुस्तीचं पुस्तक कसं करावं

तालुका वार्ताहर म्हणून कुस्तीची मैदानं लिहिणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. कुंडलचं मैदान असो, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा असो, नाहीतर एखाद्या वाडीचा उरूस, तुमच्या वह्यांत पुस्तकाचा ऐवज पडून आहे. मी विट्यात राहून हेच काम केलं आणि त्यातून जुन्या मल्लांवरचं पुस्तक उभं राहिलं.

मला वाट दाखवली ती बेसबॉलच्या एका बातमीदाराने. रॉजर कान हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. १९४८ मध्ये हेरल्ड ट्रिब्यून या वर्तमानपत्रात पोऱ्या म्हणून लागला. १९५२ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, त्याला ब्रुकलिन डॉजर्स या संघाच्या बातम्या करायचं काम मिळालं. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूने १९४७ मध्ये गोऱ्यांच्या बड्या लीगचं दार उघडलं, ते याच संघातून. कान दोन हंगाम संघाबरोबर फिरला. दोन्ही वर्षी डॉजर्स अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. जिंकले १९५५ मध्ये, आणि तोवर कानने ते काम सोडलं होतं. पुढे संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये ब्रुकलिनचं मैदान पाडलं, १९६६ मध्ये त्याचं वर्तमानपत्रही बंद पडलं. तो मासिकं-साप्ताहिकांत लिहीत राहिला आणि मग त्या जुन्या खेळाडूंच्या घरी एकेकाला भेटायला निघाला. कार्ल फुरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवत होता. बिली कॉक्स बारमध्ये गिऱ्हाइकांना दारू देत होता. रॉय कॅम्पानेला १९५८ च्या मोटार अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होता. त्या भेटी आणि दोन हंगामांच्या आठवणी मिळून १९७२ मध्ये ‘द बॉईज ऑफ समर’ हे पुस्तक आलं.

कानच्या हातात जिंकलेला संघ नव्हता, तरी पुस्तक झालं. आपल्याकडे याचं मोल फार आहे. आपण बातमीत लिहितो, ‘अमुकने तमुकला घिस्सा डावावर अस्मान दाखवलं’. तमुकचं नाव एवढ्यापुरतंच येतं. तो रात्री घरी कसा गेला, त्या हंगामानंतर लढला का, आज काय करतो, हे कुणी छापत नाही. पुस्तकाची सुरुवात त्या तमुकपासून करा, असं माझं ठाम मत आहे. पुणवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे. त्यांच्यावर लिहिलं गेलंय आणि अजून लिहिलं पाहिजेच. पण त्यांच्याशी लढून कुस्ती बरोबरीत सोडवलेले, चौथ्या-पाचव्या नंबरच्या जोडीत आयुष्य काढलेले मल्ल आपल्या गावागावांत होते आणि आहेत.

आता वहीचं सांगतो. मैदानात बसल्यावर निकालाबरोबर चार गोष्टी टिपायच्या: जोड कुणी लावली (कोण कुणाशी लढणार हे कुणी ठरवलं), इनाम किती आणि कुणाकडून, कुस्ती किती मिनिटं चालली, शेवटचा डाव कसा लागला. डाव ओळखता आला नाही तर शेजारी बसलेल्या वस्तादांना लगेच विचारा. एकचाक, मोळी, समोरून लपेट, पट काढून कब्जा, हे शब्द तिथंच नोंदले तर खरे राहतात. निवेदक माइकवर मल्लाची ओळख करून देतो, त्यात गाव, तालीम, वस्ताद सगळं असतं. तेही उतरवून घ्या. ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असं छापलेली जाहिरात भिंतीवरून फाटण्याआधी एक प्रत मागून घ्या. जुन्या हंगामाचं असं एक पोस्टर हाताशी असलं की इनामांचा चढउतार, देणगीदार, कोणत्या गावात कुस्ती बंद पडली, असं बरंच काही उलगडतं. कात्रणावर दैनिकाचं नाव, आवृत्ती आणि तारीख पेनने लिहा. २०१९ च्या पुरात सांगली शहरातल्या वाचनालयाचे ग्रंथ भिजले. तेव्हापासून मी मिळेल तो कागद मोबाइलवर टिपून दोन ठिकाणी ठेवतो.

जुन्या फायली शोधताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९४९ ते १९६० या काळात आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ होता. त्या वर्षांतली मिरजेची, तासगावची, विट्याची बातमी त्याच नावाखाली सापडते. स्वातंत्र्याआधीच्या काळासाठी सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं वेगवेगळी धरून शोधावं लागतं, कारण इनामं दरबारातून मिळायची आणि नोंदीही तिकडेच होत्या.

घरी जाऊन बोलणं हा सगळ्यात मोठा भाग, त्याला घाई चालत नाही. पहाटे तालमीत जाऊन मुलाखत मागू नका, वस्तादांचं लक्ष पोरांवर असतं. दुपारी जनावरांचं उरकल्यावर, चहाच्या वेळेला जा. नात्यातलं कुणी बरोबर असेल तर उत्तम. ‘आबा’, ‘अण्णा’, ‘वस्ताद’ जे गाव म्हणतं तेच म्हणा. रेकॉर्डर लगेच काढू नका. आधी जुनं पोस्टर किंवा फोटो पुढ्यात ठेवा. ‘तुमची सर्वांत संस्मरणीय कुस्ती कोणती?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘या फोटोत तुमच्या डाव्या हाताला कोण उभं आहे?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

आणि घरातल्या बायकांशी बोला. खानापूर तालुक्यातल्या एका मल्लाच्या घरी आबांनी मला सगळे डाव सांगितले, हात धरून दाखवले. खुराकाचं मात्र काकींनी सांगितलं. “बदाम मी घासायची, थंडाई मी करायची. १९७२ च्या दुष्काळात म्हस इकली, पर ह्यांचं दूध इकत आणून चालू ठिवलं.” कोणतं शेत कधी गहाण पडलं, कुणाच्या लग्नाचे पैसे तुपाला गेले, हा हिशेब त्यांच्याकडे तोंडपाठ होता. माझ्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या चुलीपाशी मिळालं.

ऐकलेलं तपासायचं. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. कानला डॉजर्सचं काम मिळालं त्याच १९५२ साली त्यांनी हेलसिंकीत कांस्य मिळवलं. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. गाड्यांचा आकडा मात्र कुणी शंभराच्या आसपास सांगतं, कुणी दीडशेवर नेतं. अशा वेळी छापील नोंद सापडेपर्यंत पुस्तकात आकडा घालायचा नाही. गावातल्या कुस्तीलाही हाच नियम. एका मल्लाने सांगितलेली लढत दुसऱ्या मल्लाच्या तोंडून ऐका. दोघांचं जमलं नाही तर दोन्ही बाजू नावानिशी लिहा. वाचकाला ते आवडतं, आणि दोन्ही घरांना न्याय मिळतो.

आजारपण, कर्ज, व्यसन यांबद्दल लिहायचं असेल तर ते पान त्या माणसाला वाचून दाखवा. मी प्रत्येक घरी वाचून दाखवलं. काहींनी दोन ओळी काढायला सांगितल्या, त्या काढल्या. त्याहून जास्त जणांनी अजून दोन गोष्टी सांगितल्या.

लिहायला बसल्यावर बातम्या जोडून पुस्तक होत नाही. प्रत्येक प्रकरणाला एक माणूस आणि एक कुस्ती पुरते. ती कुस्ती सलामीपासून सविस्तर लिहा, हलगी कधी चढली, पंच कुठे उभे होते, लोक कोणत्या बाजूने ओरडत होते. मग त्या माणसाचं पुढचं आयुष्य. तुम्ही स्वतःही त्यात दिसायला हवं, कारण तुम्ही तिथे मातीच्या कडेला बसलेले होता. कानने आपल्या वडिलांबद्दल, ब्रुकलिनमधल्या घराबद्दल मोकळेपणाने लिहिलं, त्यामुळे खेळाडू आणि लेखक एकाच गावचे वाटतात.

हक्कांची शंका सगळ्यांना येते. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीत असताना वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा लेखकाचा. मात्र करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून नेमणूकपत्र काढून वाचा. फोटोसाठी छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या आणि फोटोखाली त्याचं नाव द्या.

छपाईचं थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पानं सोळाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत, बसवली की कागद वाया जात नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत नावं नोंदवून घ्या, म्हणजे पहिल्या छपाईचा भार हलका होतो. पुस्तक दुकानात ठेवाच, पण खरी विक्री मैदानावर होते. यात्रा कमिटीला सांगून निवेदकाच्या टेबलाशेजारी जागा मागा. बक्षिसाबरोबर पुस्तक द्यायला देणगीदार आनंदाने तयार होतात.

शेवटच्या पानावर दुरुस्त्यांसाठी तुमचा फोन नंबर छापा. फोन येतील: आमच्या गावची जोड राहिली, आजोबांचं नाव चुकीच्या तालमीत पडलं, त्या कुस्तीचा फोटो आमच्याकडे आहे. त्यासाठी वेगळी वही घाला, फोन करणाऱ्याचं नाव-गाव लिहा आणि सवड काढून त्याच्या घरी जा.