साहित्याची पदवी हाती आल्यावर सीमाभागात लेखक म्हणून उभे राहताना

मराठीत एम.ए. करून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या घरी परतलेल्या आणि मनातून लेखक व्हायचे ठरवलेल्या पदवीधराने आधी पोटापाण्याची सोय पाहावी, कारण घर चालवण्याचा भार सुरुवातीलाच लेखनावर टाकला तर लेखनच आखडते. या भागातील परंपराही हेच सांगते. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म एकसंब्याचा. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत त्यांनी मराठी कथा लिहिली. इंदिरा संतांनी बेळगावात अध्यापन करत कविता लिहिली.

प्राध्यापकी हवी असल्यास नेटला, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, प्राधान्य द्यावे. सेटची, म्हणजे राज्यस्तरीय परीक्षेची, पात्रता ती परीक्षा घेणाऱ्या राज्यापुरतीच चालते, त्यामुळे कर्नाटकातील सेटवर कोल्हापूरला आणि महाराष्ट्रातील सेटवर बेळगावला अर्ज करता येत नाही; नेट मात्र दोन्हीकडे चालते. नेटच्या ३०० गुणांपैकी १०० गुणांचा पहिला पेपर तर्क, आकडेवारी आणि अध्यापनक्षमतेवर असतो, आणि साहित्याचे विद्यार्थी नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

खरी मेहनत कन्नडवर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, हे उदाहरण आपल्या शेजारच्या धारवाडचेच आहे. बाजारात आणि बसस्टँडवर कानावर पडणारी कन्नड तुम्हाला येते. पुण्या-मुंबईच्या अनुवादकाला ती कष्टाने मिळवावी लागते. लिपी पक्की करून एक छोटी कथा निवडावी, पहिला खर्डा शब्दकोशाशिवाय उतरवावा, मग कन्नड मातृभाषा असलेल्या मित्राकडून मूळ कथा मोठ्याने वाचून घेत आपला मजकूर ओळीओळीने ताडून पाहावा. बोलीतले संवाद प्रमाण मराठीत सपाट करू नयेत. त्यासाठी आपल्याच गावची मराठी कामी येते. प्रसिद्धीपूर्वी मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क त्यांच्याकडे असतो.

वाचनासाठी बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आहे. १८४८ सालच्या या संस्थेचे सभासदत्व घ्यावेच. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील ग्रामीण साहित्य संमेलनांनाही आवर्जून जावे, आणि निदान पहिल्या वर्षी कविसंमेलनात नाव देण्यापेक्षा श्रोत्यांत बसून लोक कुठे थांबतात, कुठे दाद देतात, ते ऐकावे.

दिवाळी अंकांसाठी साहित्य ज्येष्ठ-आषाढातच पाठवावे, प्रत जवळ ठेवावी आणि एका संपादकाचा नकार येईपर्यंत तीच कथा दुसऱ्याकडे पाठवू नये.