स्पून्समधे पहिल्यांदा बसायला जाताय?

यूकेत नवीन आलात की ऑफिसमधले नाहीतर युनिव्हर्सिटीतले लोक शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला वेदरस्पून नावाच्या पबमधे ओढून नेणार हे जवळजवळ ठरलेलंच, सगळे त्याला स्पून्स म्हणतात. १९७९ मधे लंडनच्या मसवेल हिलला टिम मार्टिनने पहिला काढला, आता जिकडेतिकडे आहेत, बऱ्याचदा जुन्या बँकेत नाहीतर बंद पडलेल्या थिएटरात. स्वस्त असतं आणि बहुतेक ठिकाणी गाणी नसतात त्यामुळे ओरडून बोलावं लागत नाही.

आधी आयडी. वय १८ पूर्ण लागतं पण वयाने लहान दिसत असाल तर विचारतातच. पासपोर्ट खिशात घेऊन फिरू नका हो, ऑनलाइन ३४ पौंडात प्रोव्हिजनल लायसन्स निघतं, गाडी शिकायची नसली तरी काढून ठेवा.

आत गेल्यावर कोणी "किती जण" विचारत नाही, वेटर पाणी आणून ठेवत नाही. मी पहिल्या वेळी चांगली वीस मिनिटं कोणीतरी येईल म्हणून शहाण्यासारखा बसून होतो. रिकामं टेबल धरायचं, त्यावरचा नंबर बघायचा आणि अ‍ॅपवरून ऑर्डर द्यायची किंवा उठून बारवर जायचं. नंबर नीट टाका, मी एकदा ४७ च्या जागी ७४ टाकला तर माझे चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज) कोपऱ्यातल्या एका आजोबांकडे गेले आणि मी पोचेपर्यंत त्यांनी व्हिनेगर पण ओतलं होतं.

बारवर लाइन दिसत नाही पण असते. आपल्या आधी कोण आलं ते डोक्यात ठेवायचं, आणि बारवाल्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजारच्याकडे हात करायचा. नोट हलवून "बॉस, इकडे" अजिबात नाही.

पिंट म्हणजे ५६८ मिली, झेपत नसेल तर हाफ घ्या, कोणी हसत नाही. हँडपंपातून ओढून देतात ती एल (बिअरचाच एक प्रकार) चिल्ड नसतेच, ती तशीच प्यायची असते, गरम आहे म्हणून परत करू नका, आधी चव मागितली तर छोट्या ग्लासात घोटभर देतात. थंडगारच हवी तर लागर. आणि आपलं ३०-६० चं गणित विसरा, इथे सिंगल २५ मिली, काही ठिकाणी ३५, आणि लार्ज नाही तर डबल म्हणायचं.

आता राउंड, इथे आपली पोरं हमखास गंडतात. चौघं असतील तर प्रत्येकाने एकदा चौघांचं आणायचं, टीटीएमएम नाही. दोन राउंड फुकट पिऊन आपली पाळी आली की "ट्रेन आहे" म्हणून सटकलात तर सोमवारी सगळ्या ऑफिसला माहीत असतं. पीत नसाल तरी चालतं, कोक घ्या, पण राउंडमधे नाही हे सुरुवातीलाच सांगून टाका.

चखणा फुकट मिळत नाही. क्रिस्प्सचं (म्हणजे आपल्या वेफर्सचं) पाकीट आणायचं, पाठीमागच्या शिवणीवरून उभं फाडायचं आणि ताटासारखं मधोमध पसरून ठेवायचं, हे केलंत की तुम्ही त्यांच्यातलेच.

टॉयलेट बहुतेक वरच्या मजल्यावर आणि लांऽऽब असतं, त्यामुळे घाई होईपर्यंत थांबू नका. लास्ट ऑर्डर्स म्हणून ओरडले की शेवटचं काय ते मागवा, आणि निघताना रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवा.